नागपूर ते मुंबई 685 किलोमीटर : विमानप्रवासाचा वेळ अंतरावरून का काढता येत नाही

दारव्हा तालुक्यातील एका शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या वडिलांना परळच्या टाटा रुग्णालयात दुपारी 2 ची वेळ मिळाली आहे. एका संकेतस्थळावर नागपूर ते मुंबई हे हवाई अंतर 685 किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ 1 तास 21 मिनिटे दिसतो, तिकिटावर मात्र 1 तास 35 मिनिटे लिहिलेले आहेत. विमान ताशी 800 किलोमीटरच्या वेगाने जात असेल, तर गणिताने पन्नास मिनिटांतच पोहोचायला हवे. मग यातला कोणता आकडा खरा धरावा, आणि सकाळच्या विमानाने नागपूरहून निघाल्यास वडील वेळेवर पोहोचतील का?

विमान कंपनीच्या डिस्पॅच विभागात, म्हणजे प्रत्येक उड्डाणाचा मार्ग, इंधन आणि वेळ ठरवणाऱ्या टेबलावर, मी माझ्या नोकरीचा बहुतेक काळ काढला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ते तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, एवढेच. तुमच्या वडिलांच्या कामाचा आकडा मात्र यांपैकी एकही नाही, कारण त्यांचा प्रवास नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर नव्हे, तर दारव्ह्याच्या घराच्या अंगणात सुरू होणार आहे.

आधी अंतराचे पाहू, कारण ते तुम्हाला कागदावर स्वतः काढता येईल आणि वर्गात मुलांकडूनही काढून घेता येईल. नागपूरचे विमानतळ 21.09 अंश उत्तर अक्षांश आणि 79.05 अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ 19.09 उत्तर आणि 72.87 पूर्व येथे आहे. अक्षांशांतला फरक 2 अंशांचा आहे आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर 222 किलोमीटर झाले. रेखांशांतला फरक 6.18 अंशांचा आहे. परंतु रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ जवळ येत जातात, त्यामुळे आपल्याकडे रेखांशाचा अंश 111 किलोमीटरचा भरत नाही. त्याला मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे सुमारे 20 अंशांच्या, कोसाइनने गुणावे लागते आणि तो कोसाइन 0.94 आहे. त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतर सुमारे 645 किलोमीटर येते. काटकोन त्रिकोणाच्या या दोन बाजूंवरून कर्ण काढला की उत्तर 680 ते 685 च्या दरम्यान मिळते. संकेतस्थळ हेच काम पृथ्वीला गोल धरून अधिक काटेकोरपणे करते. काही शे किलोमीटरपर्यंत दोन्ही रीतींत फारसा फरक पडत नाही. हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी मात्र गोलावरचेच गणित करावे लागते, आणि म्हणूनच दिल्लीहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानाचा मार्ग सपाट नकाशावर उत्तरेकडे वाकलेला दिसतो.

याच रीतीने नागपूरहून पुणे सुमारे 605, दिल्ली 850, चेन्नई 905 आणि कोलकाता 985 किलोमीटर भरते. चारही महानगरे एक हजार किलोमीटरच्या आत असण्याचे हे भाग्य देशात क्वचितच एखाद्या शहराला लाभले असेल. 1949 साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. नागपूरला मिळालेला हा मान केवळ नकाशावरच्या या अंतरांमुळे होता, आणि आपल्या भागातल्या मुलांना तो माहीत असावा असे मला मनापासून वाटते.

आता वेळेकडे वळू. अनेक संकेतस्थळे उड्डाणाचा वेळ प्रत्यक्ष मोजत नाहीत. अंतराला ताशी 800 ने भागायचे आणि चढउतारासाठी सरसकट अर्धा तास मिळवायचा, एवढाच त्यांचा हिशेब असतो. 685 ला 800 ने भागल्यास 51 मिनिटे येतात आणि त्यात 30 मिळवले की तुम्हाला दिसलेली 1 तास 21 मिनिटे तंतोतंत मिळतात. ढोबळ अंदाज म्हणून हे वाईट नाही, पण त्या आकड्याला कोणत्याही विमानाच्या खऱ्या उड्डाणाचा आधार नाही, हे लक्षात ठेवावे.

तुमचा मुख्य प्रश्न पन्नास मिनिटांचा आहे, म्हणून विमान या मार्गावर नेमके काय करते ते थोडे तपशिलाने सांगतो. ताशी 830 किलोमीटरच्या आसपासचा वेग एअरबस 320 सारख्या जेट विमानाला मिळतो तो पस्तीस हजार फुटांच्या आसपास, विरळ हवेत. तिथवर चढायलाच त्याला सुमारे वीस मिनिटे लागतात आणि तेवढ्यात ते दोनशेहून अधिक किलोमीटर पुढे गेलेले असते. दहा हजार फुटांच्या खाली 250 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 463 किलोमीटर, ही वेगमर्यादा सर्वसाधारणपणे पाळावी लागते. उतरताना वैमानिकांचा साधा ठोकताळा असा असतो की दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर, लागतात. पस्तीस हजार फुटांवरून उतरायचे असेल तर 105 नॉटिकल मैल आणि वेग कमी करण्यासाठी आणखी थोडे, म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटर आधीपासून उतरणे सुरू करावे लागते. चढाईचे दोनशेहून अधिक आणि उतरणीचे दोनशे किलोमीटर वजा केले, तर ज्या टप्प्यात विमान खऱ्या अर्थाने पूर्ण वेगाने धावते तो अडीचशे किलोमीटरच्या आसपास उरतो आणि अठरा-वीस मिनिटांत संपतो. विमान सरळ पातळीवर आले, चहा देऊन झाला आणि लगेच पट्टे बांधण्याची सूचना आली, असा अनुभव या मार्गावर सर्वांना येतो, त्याचे कारण हेच आहे.

त्यातही मार्ग सरळ रेषेचा नसतो. नागपूरची 3,200 मीटर लांबीची धावपट्टी वायव्य ते आग्नेय अशी आहे. वाऱ्यामुळे आग्नेयेकडे तोंड करून उड्डाण करावे लागले, तर मुंबईला निघालेले विमान आधी मुंबईच्या उलट दिशेला झेपावते आणि मग वळण घेऊन पश्चिमेकडे येते. पुढे त्याला ठरलेल्या हवाई मार्गांवरून, पाच अक्षरी नावांच्या बिंदूंवरून जावे लागते आणि वायुसेनेसाठी राखलेली क्षेत्रे टाळावी लागतात. मुंबईजवळ आल्यावर इतर दिशांनी येणाऱ्या विमानांच्या रांगेत लागावे लागते. या सर्वांमुळे नकाशावरचे 685 किलोमीटर प्रत्यक्षात अनेकदा 700 च्या पुढे जातात.

मुंबईच्या रांगेविषयी थोडे अधिक सांगतो, कारण या मार्गावरचा सर्वांत अनिश्चित भाग तोच आहे. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने उतरवता येत नाहीत आणि सर्व भार एका वेळी व्यवहारात एकाच धावपट्टीवर येतो. गर्दी वाढली की नियंत्रक विमानांना आकाशातच घिरट्या घालायला सांगतात. चौदा हजार फुटांपर्यंतच्या अशा एका प्रमाणित फेरीला सुमारे चार मिनिटे लागतात. तीन फेऱ्या पडल्या की तुमची बारा मिनिटे गेली, आणि अंतर एका किलोमीटरनेही कमी झालेले नसते. पावसाळ्यात मोठ्या गडगडाटी ढगांपासून वीसेक नॉटिकल मैल दूर राहण्याचा दंडक पाळताना मार्गही लांबतो. शिवाय पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर देखभालीसाठी मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एखाद्या दिवशी काही तास बंद ठेवल्या जातात. ती तारीख आधीच जाहीर होते आणि त्या दिवशीचे वेळापत्रक वेगळे असते.

तिकिटावरचा 1 तास 35 मिनिटांचा आकडा हा आम्ही ज्याला ब्लॉक टाइम म्हणतो तो आहे. नागपुरात विमानाच्या चाकांपुढचे अडसर काढून ते जागेवरून हलले त्या क्षणापासून मुंबईत ते आपल्या जागी येऊन उभे राहीपर्यंतचा हा वेळ असतो. एसटीचे वेळापत्रक जसे फलाट सोडल्यापासून दुसऱ्या फलाटाला लागेपर्यंतचे असते, तसेच हे समजावे. हवेतली सत्तर मिनिटे, नागपुरात धावपट्टीपर्यंत जाण्याची सात-आठ मिनिटे, मुंबईत उतरल्यावर उभे राहण्याच्या जागेपर्यंतची दहाएक मिनिटे आणि वर थोडी राखीव मिनिटे, असा तो हिशेब बसतो. कंपन्या ही राखीव मिनिटे जाणूनबुजून धरतात, कारण ठरलेल्या वेळेपासून 15 मिनिटांच्या आत झालेले उड्डाण वेळेवर झाले असे मानले जाते आणि त्या नोंदीवर कंपनीची पत ठरते. म्हणून तिन्ही आकड्यांत विश्वास ठेवायचा असेल तर तिकिटावरच्या आकड्यावर ठेवा. तो त्या मार्गावरच्या प्रत्यक्ष उड्डाणांवरून, ऋतुमान पाहून ठरवलेला असतो.

ऋतुमानाचा परिणाम छोट्या मार्गावर थोडा आणि लांबच्या मार्गावर मोठा असतो. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर उंचावर जोराचे पश्चिमी वारे वाहतात, त्यामुळे मुंबईला जाताना पाच-दहा मिनिटे अधिक आणि येताना तेवढीच कमी लागू शकतात. आपल्या भागातील अनेक मुले आखाती देशांत कामाला आहेत, त्यांच्या घरच्यांसाठी शारजाचे उदाहरण देतो. नागपूर ते शारजा सुमारे 2,450 किलोमीटर आहे. ताशी 830 किलोमीटरच्या विमानाला ताशी 100 किलोमीटरचा वारा समोरून लागला तर हे अंतर कापायला 3 तास 21 मिनिटे लागतील, आणि तोच वारा पाठीशी असेल तर 2 तास 38 मिनिटे पुरतील; चढउताराचा वेळ दोन्हींत वेगळा धरावा लागेल. त्यात आणखी गोंधळ घड्याळाचा होतो. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते आणि शारजाचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. समजा विमान नागपूरहून पहाटे 4 वाजता निघून तिथे 6.15 ला पोहोचत असेल, तर तो प्रवास सव्वादोन तासांचा नसून पावणेचार तासांचा आहे. परतीच्या तिकिटावर हाच फरक उलट दिसतो आणि प्रवास आहे त्यापेक्षा दीड तास लांब वाटतो. रुग्णाची औषधे तासांच्या हिशेबाने द्यायची असतील तेव्हा ही बाब फार महत्त्वाची ठरते.

उन्हाळ्याचा एक विशेष आपल्याकडे आहे. नवतप्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा तापलेली हवा विरळ होते, पंखांना आणि इंजिनांना तिचा जोर कमी मिळतो, धावपट्टीवर अधिक लांब धावावे लागते आणि चढाई मंदावते. पूर्ण भरलेल्या विमानाचे वजन अशा वेळी जपून ठरवावे लागते. भर दुपारच्या उड्डाणापेक्षा सकाळचे उड्डाण या दिवसांत रुग्णालाही सोसते आणि विमानालाही.

आता तुमच्या वडिलांच्या प्रवासाचे पाहू. समजा विमान सकाळी 8.30 चे आहे. देशांतर्गत उड्डाणांसाठी बहुतेक कंपन्यांचे काउंटर साधारण एक तास आधी बंद होते आणि विमानात चढण्याचे दार सुमारे 25 मिनिटे आधी. वडिलांसाठी चाकांची खुर्ची लागणार असेल, तर ती तिकीट काढतानाच नोंदवा आणि विमानतळावर निदान 6.45 पर्यंत पोहोचा. दारव्ह्याहून यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी मार्गे नागपूर सुमारे 190 किलोमीटर पडते. रात्रीच्या वेळी आणि रुग्ण सोबत असताना यासाठी चार तास धरावेत, म्हणजे घरून पहाटे पावणेतीनला निघावे लागेल. मुंबईत विमान 10.05 ला जागेवर उभे राहील. खुर्चीवरच्या प्रवाशांना बहुधा सर्वांत शेवटी उतरवतात, त्यानंतर सामान येईल, म्हणून टॅक्सीत बसायला पावणेअकरा वाजतील. तेथून परळला तासभर ते सव्वा तास धरला, तर बारा वाजता तुम्ही रुग्णालयाच्या दारात असाल.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की सर्व काही सुरळीत झाले तर वडील वेळेवर पोहोचतील आणि हाताशी दोन तास उरतील. परंतु घरापासून रुग्णालयापर्यंत हा प्रवास सव्वानऊ तासांचा आहे आणि त्यातला विमान प्रत्यक्ष हवेत असण्याचा भाग जेमतेम सत्तर मिनिटांचा आहे. विमानाला दीड तास उशीर झाला, आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात किंवा जुलैच्या पावसात तसे होणे मुळीच नवलाचे नाही, तर ते दोन तास संपल्यासारखेच आहेत. आजारी माणसाला मध्यरात्रीनंतर उठवून, रस्त्याने चार तास नेऊन, त्याच दिवशी तपासणीसाठी बसवणे मला योग्य वाटत नाही. विमानानेच जायचे असेल तर आदल्या दिवशी जा आणि परळजवळ मुक्काम करा.

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल 2025 मध्ये मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, तीही पाहण्यासारखी आहे. दारव्ह्याहून नेरमार्गे बेलोरा 80 ते 90 किलोमीटरवर आहे. येथे येणारे एटीआर विमान पंख्याचे आहे आणि त्याचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे अंतर सुमारे 540 किलोमीटर, म्हणजे नागपूरपेक्षा जवळजवळ दीडशे किलोमीटरने कमी असूनही उड्डाणाला पावणेदोन तास धरले जातात. तिकिटे समोरासमोर ठेवली तर नागपूरचे विमान दहा मिनिटांनी पुढे आहे असे दिसेल. पण घरून निघण्यापासून मोजल्यास अमरावतीचा मार्ग दोन तासांनी लहान आहे. ही सेवा रोजची आहे असे गृहीत धरू नका. तुमच्या तारखेला विमान आहे का आणि ते कोणत्या वेळेचे आहे, ते पाहूनच ठरवा. आदल्या दिवशी जाणाऱ्याला दुपारचे किंवा संध्याकाळचे विमानही चालते, म्हणून तुमच्यासाठी मी याच पर्यायाला पहिली पसंती देईन.

विमान नसेल त्या दिवशी रेल्वेला कमी लेखू नका. बडनेऱ्याहून संध्याकाळनंतर निघणारी विदर्भ एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोहोचते आणि दादरला उतरले की परळ अगदी जवळ आहे. रात्रभर आडवे होऊन केलेला प्रवास पाठीच्या किंवा पोटाच्या रुग्णाला खुर्चीतल्या प्रवासापेक्षा पुष्कळदा सुसह्य होतो. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा असून जून 2025 पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आहे, आणि दारव्हेकरांना कारंज्याजवळून त्यावर चढता येते. तेथून पुढे पाचशेहून जास्त किलोमीटर आणि भिवंडी-ठाण्याची गर्दी धरली, तरी आठ-नऊ तासांत परळ गाठता येते, म्हणजे नागपूरमार्गे विमानाला लागतात तेवढ्याच वेळात. मात्र त्यासाठी दोन चालक असावेत. एकाच माणसाने रात्रभर गाडी चालवून रुग्णाला नेऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन.

तिकीट काढताना मुंबईचे कोणते विमानतळ आहे तेही नीट वाचा. नवी मुंबईचे विमानतळ आता सुरू झाले आहे. जुन्या विमानतळाचा संकेत बीओएम आहे आणि नव्याचा एनएमआय. परळला जाणाऱ्याने नवी मुंबईचे नाव पाहून बिचकण्याचे कारण नाही, कारण तेथून अटल सेतूने आले की गाडी थेट शिवडीला उतरते आणि शिवडी परळच्या शेजारीच आहे. पण कुणी नातेवाईक घ्यायला येणार असतील, तर त्यांना विमानतळाचे नाव स्पष्ट सांगून ठेवा.

परतीचे विमान शक्यतो सकाळचे घ्या. रात्री विमानतळावर मुक्कामाला असलेले विमान दिवसाच्या पहिल्या उड्डाणाला वापरले जाते, त्यामुळे त्याला आधीच्या फेरीचा उशीर लागत नाही. संध्याकाळपर्यंत तेच विमान तीन-चार शहरे फिरून आलेले असते आणि प्रत्येक ठिकाणची थोडी थोडी दिरंगाई त्याच्या खात्यात जमा झालेली असते. रात्री दहाच्या सुमारास नागपुरात उतरून पुढे 190 किलोमीटर जायचे म्हणजे घरी पोहोचायला पहाटेचे दोन वाजतील. रुग्णालयातून उशिरा सुटका झाली आणि रात्रीचेच विमान घ्यावे लागले, तर त्या रात्री नागपुरात थांबा आणि सकाळी उजाडल्यावर दारव्ह्याकडे निघा.